डॅन्यूबच्या काठाने: पासाउ ते बुडापेस्ट सायकल प्रकल्पाच्या नोंदी

14 जानेवारी 2023, पुणे

मार्ग ठरला. जर्मनीतल्या पासाउपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाने. जाणार आम्ही पाच जण: मास्तर, डॉक्टर, वहिनी, भाचा आणि मी. आज भोगी. मास्तरांच्या घरी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन झाल्यावर नकाशे पसरले आणि दुपारभर त्यावरच बसलो. डॉक्टरांचा कल ऱ्हाईनकडे होता, वहिनींना फ्रान्समधली ल्वार नदी पाहायची होती. शेवटी सगळ्यांनी डॅन्यूबला हो म्हटलं, त्याची कारणं इथे लिहून ठेवतो.

एक, वारा. या पट्ट्यात तो बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि आपणही त्याच दिशेने जाणार. दोन, रेल्वे. नदीच्या खोऱ्यात ती कुठेही फार लांब नाही, त्यामुळे कुणाला बरं वाटेनासं झालं तर गाडी पकडता येते. तीन, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी हे चारही देश शेंगेन करारातले असल्याने व्हिसा एकच लागतो.

चौथं कारण माझं. माझं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, म्हणून नकाशा पाहिल्यावर आधी उतार काढला. डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या सुलिनापासून उलटे मोजतात. पासाउ साधारण 2226 वर आणि बुडापेस्ट 1647 वर. एवढ्या अंतरात नदी जेमतेम दोनशे मीटर खाली येते, म्हणजे उतार पडतो सुमारे 3000 ला 1. आपण कालव्यांना देतो तेवढाच. वहिनींना गुडघ्याची काळजी होती, हा आकडा ऐकून त्या निर्धास्त झाल्या.

हा रस्ता कसा झाला, हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. आगबोटी येण्याआधी मालाची गलबतं प्रवाहाविरुद्ध घोडे लावून ओढत नेत. घोड्यांसाठी काठाला लागून वाट असे. घोडे गेले तरी नदीच्या देखभालीसाठी ती वाट राखली गेली, आणि नदीवर धरणं झाली तेव्हा त्यांच्या बांधांवरही सेवारस्ते आले. 1980च्या दशकात ऑस्ट्रियाने हे रस्ते सायकलींना खुले केले. आज तोच मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो 6 चा भाग आहे. आपल्याकडे प्रत्येक कालव्याला सेवारस्ता असतो. मी त्यावरून कितीतरी वर्षं जीपने आणि पायी फिरलो आहे. या मार्गाबद्दल मला एवढी ओढ का, ते यावरून कळेल.

12 मार्च, भोर

सामान लादून सराव. कात्रजचा घाट चढून भोर, पुढे भाटघर धरणापर्यंत. परतीला खेड शिवापूरजवळ रहदारीने जीव नकोसा केला.

आजच्या दिवसात एक पद्धत ठरली. वहिनी सर्वांत पुढे. त्यांचा वेग सपाटीवर ताशी 14-15 किमी, तोच सगळ्यांचा वेग. डॉक्टर एरवी 25 ने जाणारे, पण त्यांनीच हे सुचवलं: "अहो, वेगवान माणूस पुढे राहिला की मागचा सतत ओढला जातो. दमलोय असं तो सांगतही नाही. मग चौथ्या दिवशी कळतं." पेशंट बघण्याची सवय आहे, त्यांना हे दिसतं. सर्वांत मागे भाचा, हत्यारांची पिशवी घेऊन. तो म्युनिकला नोकरी करतो, तिथेच आम्हाला मिळेल.

21 मे, पुणे

व्हिसाची कागदपत्रं. सर्वाधिक मुक्काम ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे, म्हणून आमचा अर्ज ऑस्ट्रियाकडे. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. मुक्कामांची बुकिंगं गावाप्रमाणे लावली. दिवसाला 40 ते 60 किमी, व्हिएन्नाच्या पुढे थोडं जास्त. तंबू नेणार नाही. ऑस्ट्रियात उघड्यावर कुठेही तंबू ठोकता येत नाही, आणि काठाच्या प्रत्येक गावात सायकलवाल्यांसाठी खोल्या, कुलूपबंद शेड, ओले कपडे वाळवायची जागा मिळते.

परतीची तारीख 17 सप्टेंबर. 19 ला गणपती बसतात, मास्तरांकडे दीड दिवसाचा असतो. याबाबत चर्चेला जागा नव्हती.

13 ऑगस्ट, पुणे

सामानाची यादी पक्की झाली. प्रत्येकी मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या, पुढे हँडलला एक छोटी. मिळून 12 किलोच्या वर नाही. टायर 35 मिमी रुंदीचे, कारण काही ठिकाणी बारीक खडीचा रस्ता आहे. प्रत्येकाच्या चाकाच्या मापाच्या जादा तारा, दोन ट्यूब, साखळीची जादा कडी, ब्रेकची रबरं.

वहिनींनी मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी बांधून घेतली. तूप नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. "बघू तिथलं लोणी कसं लागतं मेतकूट-भाताबरोबर," एवढंच म्हणाल्या.

2 सप्टेंबर, पासाउ

काल म्युनिकला भाच्याच्या इमारतीच्या अंगणात खोकी उघडून सायकली जोडल्या. आज प्रादेशिक रेल्वेने फ्रायझिंग, लांड्सहूट, प्लाटलिंगवरून पासाउ. सायकलीचं तिकीट वेगळं, डबा वेगळा, दारावर चित्र काढलेलं.

पासाउला तीन नद्या एकत्र येतात. डाव्या बाजूने इल्त्स, दलदलीच्या जंगलातून येणारी, काळसर. मध्ये डॅन्यूब. उजवीकडून आल्प्समधलं हिमनद्यांचं पाणी घेऊन इन, फिकट हिरवी. संगमाच्या टोकावर उभं राहिलं की तिन्ही रंग वेगळे दिसतात. इनचं पाणी बरेचदा डॅन्यूबपेक्षा जास्त असतं, तरी पुढे नाव डॅन्यूबचंच.

नगरपालिकेच्या इमारतीच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत, सालासकट. जून 2013 मध्ये पाणी 12.89 मीटरला गेलं होतं, 1501 नंतर एवढं चढलं नव्हतं. मास्तर खूप वेळ त्या भिंतीपुढे उभे होते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते शाळकरी होते, नारायण पेठेत राहायचे. पुरानंतर घराच्या भिंतीवर पाण्याची जी रेघ उठली ती त्यांनी स्वतः पाहिली आहे. पुढे रंग लागला आणि ती गेली. शहराने अशी रेघ दगडात कोरून ठेवावी, हे मला मनापासून पटतं. पूररेषा कागदावर आखली तर तिच्यावरून वाद होतात. भिंतीवर कोरलेली रेघ येता-जाता सगळ्यांना दिसते.

3 सप्टेंबर, श्लोगेन

सुमारे 42 किमी. डाव्या काठाने ऑबर्नत्सेल, मग योखेनश्टाइनच्या वीजधरणावरून नदी ओलांडली आणि उजव्या काठाला ऑस्ट्रियात आलो. सीमा धरणाच्या मध्यातून जाते. 1950च्या दशकात जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी मिळून ते बांधलं. ऑस्ट्रियाच्या डॅन्यूबवर हे धरून दहा वीजधरणं आहेत. उंची कमी, पाणी भरपूर: आपल्या कोयनेच्या अगदी उलट पद्धत. तिथे थोडं पाणी शेकडो मीटर खाली पाडून वीज काढतात, इथे आठ-दहा मीटरचा उतार आणि प्रचंड विसर्ग.

आज रविवार, दुकानं बंद. कालच ब्रेड आणि फळं घेऊन ठेवली होती ते बरं झालं.

श्लोगेनला नदी कठीण ग्रॅनाइटला अडून पूर्ण उलटी फिरते. संध्याकाळी वरच्या कड्यावर चढून गेलो. खाली नदीचा वळसा आणि त्यातून अगदी हळू वळणारी लांबलचक मालवाहू बोट दिसत होती.

4 सप्टेंबर, लिंत्स

एफरडिंगच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना कोबी, काकडीची शेतं. ऊन कडक. इथले लोकही म्हणत होते की सप्टेंबर असा नसतो.

लिंत्स हे पोलादाचं शहर. माझ्यासाठी ते केप्लरचंही. 1612 ते 1626 तो इथे राहिला. ग्रहांच्या गतीचा तिसरा नियम त्याने इथेच 1619 मध्ये प्रसिद्ध केला. पण मला त्याची पिंपांची गोष्ट जास्त आवडते. 1613 मध्ये त्याचं दुसरं लग्न झालं, तेव्हा वाइनची पिंपं घेतली. व्यापारी पिंपाच्या तोंडातून तिरकी काठी आत घालायचा, ती किती ओली झाली ते बघायचा आणि दाम सांगायचा. पिंप बुटकं का उंच, याचा विचारच नाही. केप्लरला ते खटकलं आणि त्याने फुगीर आकारांचं घनफळ काढायचं शास्त्र मांडलं, 1615 मध्ये त्यावर ग्रंथ छापला. कलनशास्त्राच्या आधीची ही महत्त्वाची पायरी आहे. ज्याने आयुष्यभर जलाशयाचा साठा पातळीवरून काढला, त्याला या माणसाबद्दल आदर वाटणारच.

5 सप्टेंबर, ग्राइन

माउटहाउझेनला सायकली खाली गावात लावून टेकडीवर चढलो. ऑगस्ट 1938 मध्ये नाझींनी इथे छळछावणी उभारली, ती ग्रॅनाइटच्या खाणीसाठी. 5 मे 1945 ला अमेरिकी सैन्याने ती मुक्त केली. सुमारे 1,90,000 माणसं इथे आणि हिच्या उपछावण्यांत कैद होती, त्यातली किमान 90,000 मेली. खाणीतून वर यायला 186 पायऱ्या आहेत. कैद्यांना पाठीवर दगड घेऊन त्या चढायला लावत. दगडाची खाण मी कामानिमित्त पुष्कळ पाहिली आहे, त्यामुळे तो दगड किती जड असतो हे मला ठाऊक आहे. मास्तरांनी शाळेत तीस-बत्तीस वर्षं हा इतिहास शिकवला. खाली उतरताना ते कुणाशीच बोलले नाहीत.

यापुढचं आज लिहीत नाही. ग्राइनला मुक्काम.

6 सप्टेंबर, मेल्क

ग्राइनच्या आसपासची दरी पूर्वी नावाड्यांची कर्दनकाळ होती. खडक, भोवरे, बुडालेली गलबतं. अठराव्या शतकापासून खडक सुरुंगाने उडवायला सुरुवात झाली, आणि 1959 मध्ये इब्स-पर्सनबॉइगचं धरण पूर्ण झाल्यावर उरलेला खळाळ पाण्याखाली गेला. आम्ही धरणावरून पलीकडे गेलो. बोटींसाठीचा लॉक भरताना पाहिला. दरवाजा बंद झाला, पाणी शांतपणे चढत गेलं, बोट वर आली. डॉक्टर आणि भाचा पुढे निघू म्हणत होते. मी पूर्ण एक फेरा बघितल्याशिवाय हललो नाही, आणि वहिनीही कठड्याला टेकून शेवटपर्यंत थांबल्या.

मेल्कचा मठ लांबूनच दिसतो. 1089 पासून बेनेडिक्टाइन साधू इथे आहेत, आजची पिवळी इमारत 1702 ते 1736 मधली.

7 सप्टेंबर, क्रेम्स

वाखाउ. मेल्क ते क्रेम्स जेमतेम 36 किमी, पण दिवस पुरला नाही. 2000 साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

दोन्ही बाजूंना डोंगर, त्यावर द्राक्षमळे, आणि मळ्यांना चुना-सिमेंट न लावता रचलेल्या दगडी ताली. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ताली घालतात तशाच, फक्त माणसाच्या डोक्याएवढ्या उंच आणि टोकापर्यंत एकावर एक. एक शेतकरी ढासळलेली ताल पुन्हा रचत होता. भाच्याने जर्मनमध्ये विचारून घेतलं: सिमेंट लावलं तर मागचं पाणी अडतं आणि पावसाळ्यात भिंत पोटातून फुटते, कोरडी रचली की पाणी झिरपून जातं. माती अडवणाऱ्या भिंतीला (रिटेनिंग वॉल) पाणी झिरपायची भोकं (वीप होल) का ठेवतात, ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

हे खोरं जर्दाळूचंही. हंगाम जुलैत संपला, पण मुरंबा आणि जर्दाळू भरलेले वाफवलेले गोळे मिळाले. वहिनींनी उकडीच्या मोदकाशी तुलना करून सारण चांगलं, पारी जाड असा निकाल दिला.

विलेनडॉर्फला रस्त्यालगत ती जागा आहे, जिथे 1908 मध्ये 11 सेंटिमीटरची पाषाणयुगातली स्त्रीमूर्ती सापडली. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. द्युर्नश्टाइनचा पडका किल्ला 1192 मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड राजाला कैदेत ठेवल्यामुळे प्रसिद्ध. मास्तर वर जाऊन आले.

माझा वेळ गेला श्पिट्झच्या फेरीबोटीत. तिला नदी ओलांडायला इंजिन लागत नाही. दोन काठांमध्ये उंच तार ताणलेली, तिच्यावर कप्पी, कप्पीला बोट बांधलेली. नावाडी बोट प्रवाहाशी तिरकी करतो आणि नदीच तिला आडवी ढकलत पलीकडे नेते. परत यायचं तर कोन उलटा करायचा. तिच्यासाठी नदीला वेग हवा, आणि तो इथे आहे, कारण या खोऱ्यात धरण नाही. इथेही ते आखलं होतं. लोकांनी विरोध केला, ते झालं नाही. ऑस्ट्रियात डॅन्यूब मोकळी वाहते ती दोनच टप्प्यांत: एक वाखाउ, दुसरा व्हिएन्नाच्या खाली.

धरण न बांधण्याचे फायदे माझ्या नोकरीत मला कुणी कधी मोजायला लावले नाहीत. आज बोटीत उभा राहून पायाखालून पाणी सुसाट जाताना पाहिलं, आणि मला ते मोजावेसे वाटले.

8 सप्टेंबर, टुल्न

वाटेत त्स्वेन्टेनडॉर्फ. नदीकाठी अणुवीज केंद्र, पूर्ण बांधलेलं, कधीही सुरू न झालेलं. 5 नोव्हेंबर 1978 ला सार्वमत झालं आणि 50.47 टक्के लोकांनी नाही म्हटलं. सरकारने ऐकलं. सायकलमार्ग त्याच्या कुंपणालगत जातो.

9 ते 11 सप्टेंबर, व्हिएन्ना

कपडे धुणं, साखळ्या साफ करणं, विश्रांती. नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं, 1873 पासून नुसत्या उताराने शहरात येतं. डॉक्टर आणि वहिनी संग्रहालयांत गेले, मी आणि भाचा डोनाउइन्सेलवर.

हे 21 किमी लांबीचं बेट माणसाने केलेलं आहे. 1972 ते 1988 मध्ये मूळ नदीला समांतर एक पूरवाहिनी खोदली आणि निघालेली माती मध्ये टाकून बेट उभं केलं. एरवी पूरवाहिनी म्हणजे शांत तलाव, लोक पोहतात. पूर आला की वरची दारं उघडतात. नदी आणि पूरवाहिनी मिळून सेकंदाला 14,000 घनमीटर पाणी वाहून नेऊ शकतात. 1501 चा महापूर एवढा असावा असा अंदाज धरून ती क्षमता ठरवली. 2013 चा पूर सुमारे 11,000 घनमीटरचा होता, शहर वाचलं.

आपल्या मापात सांगायचं तर इथे डॅन्यूबचा सरासरी प्रवाहच 1900 घनमीटर, म्हणजे 67 हजार क्युसेक. खडकवासल्यातून 40 हजार क्युसेक सोडलं तर पुण्यात भिडे पूल केव्हाच बुडालेला असतो. बेटावर वस्ती नाही, झाडं, गवत आणि सायकलींचे रस्ते. पूरक्षेत्र मोकळं ठेवून ते लोकांना वापरायला दिलं आहे. संध्याकाळी शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, सगळी तिथे होती.

12 सप्टेंबर, ब्रातिस्लाव्हा

सुमारे 70 किमी. पूरबांधावरचा रस्ता सरळसोट, दोन्हीकडे जंगल, सावली नाही. वारा नेमका पूर्वेकडून आला. वहिनींच्या पुढे आळीपाळीने आम्ही वारा अडवला. वहिनी सर्वांत पुढे ही पद्धत आजच्यापुरती बदलावी लागली. दर दहा मिनिटांनी पुढचा माणूस मागे.

उजव्या बाजूचं हे जंगल आज राष्ट्रीय उद्यान आहे. डिसेंबर 1984 मध्ये हाइनबुर्गजवळ धरणासाठी झाडतोड सुरू होणार होती. हजारो माणसं कडाक्याच्या थंडीत जंगलात तंबू ठोकून बसली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, देशभर संताप झाला, आणि नाताळाच्या तोंडावर चान्सेलर सिनोवात्स यांनी काम थांबवलं. 1996 मध्ये उद्यान जाहीर झालं. पूर आला की नदी या जंगलात पसरते, गाळ टाकते, ओसरते. विहिरींना पाणी त्यातूनच मिळतं.

मी धरणं बांधली आहेत. ती बांधायला हवी होती, त्यांनी दुष्काळी तालुक्यांना पाणी दिलं. आणि इथे ते बांधलं नाही हेही योग्यच झालं. जेवताना मास्तर म्हणाले, "अरे, दोन्ही कसं खरं असेल?" मी म्हटलं, इब्सला नदी अरुंद दरीत होती, जमीन फारशी गेली नाही, नावाड्यांचा जीव वाचला. हाइनबुर्गला नदीचं अख्खं पूरमैदान गेलं असतं. जागा बदलली की उत्तर बदलतं.

सीमेवर कुणी विचारलं नाही. पूर्वी इथे काटेरी तारेचं कुंपण होतं. आज वाटेच्या कडेला दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे काँक्रीटचे बंकर तेवढे उरले आहेत.

13 सप्टेंबर, कोमार्नो

आजचा टप्पा सर्वांत लांब, सुमारे 100 किमी.

चुनोवोपासून गाबचिकोव्होचा कालवा सुरू होतो. मी इतका मोठा कालवा कधी पाहिला नव्हता. बांधावरून जाताना डावीकडची शेतं आणि घरांची छपरं खाली दिसतात, उजवीकडे पाणी त्यांच्यापेक्षा वर, आणि त्यावर जहाजं. कालवा आणि नदीचं जुनं पात्र यांच्यामध्ये तीन गावं अडकली, त्यांना पलीकडे यायला फेरीबोट ठेवली आहे.

1977 मध्ये हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी करार केला: गाबचिकोव्होला एक धरण, खाली नॉजमारोशला दुसरं. 1989 मध्ये लोकांच्या आंदोलनानंतर हंगेरीने काम थांबवलं. चेकोस्लोव्हाकियाने आपल्या हद्दीत बदललेला आराखडा राबवून ऑक्टोबर 1992 मध्ये नदी कालव्यात वळवली. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. सप्टेंबर 1997 चा निकाल: करार मोडण्यात हंगेरी चुकली, नदी वळवण्यात स्लोव्हाकिया चुकली, दोघांनी बसून मार्ग काढा. पाण्याच्या लवादांचे निकाल वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. कृष्णेच्या तंट्यावर काम केलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. पण त्या पाण्याच्या कडेने तासन्‌तास सायकल चालवली की निकालपत्रातलं "जुनं पात्र" म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं.

याच बांधावर डॉक्टरांच्या मागच्या चाकाची तार तुटली, ती नेमकी फ्रीव्हीलच्या बाजूची. भाच्याने फ्रीव्हील काढायचं हत्यार आणलं होतं. सायकल उलटी करून नवी तार घातली, ब्रेकच्या रबराचा आधार घेऊन चाकाची आऊट काढली. वारा एवढा की सामान उडू नये म्हणून वहिनी पिशवीवर बसून राहिल्या. तासाभरात निघालो. कोमार्नोला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. खोलीतल्या विजेच्या शेगडीवर मेतकूट-भात.

14 सप्टेंबर, एस्तरगोम

कोमार्नो नदीच्या उत्तरेला, कोमारोम दक्षिणेला. 1920 च्या त्रियानोन तहाआधी हे एकच शहर होतं. उत्तर काठाने श्तुरोव्होपर्यंत आलो, मग पूल ओलांडून हंगेरीत. हा पूल 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला आणि 2001 मध्ये पुन्हा खुला झाला. मधली सगळी वर्षं समोरासमोरच्या दोन गावांना बोटीचाच आधार. आज पुलावरून शाळेतली मुलं दप्तर लावून सायकलीने येत होती. इथून पुढे युरो नाही, फोरिंट.

15 सप्टेंबर, सेंतेंद्रे

नदी इथे पूर्वेकडचं तोंड फिरवून दक्षिणेला वळते. नॉजमारोशला थांबलो. व्हिशेग्राडच्या किल्ल्यासमोरचा काठ, जिथे दुसरं धरण होणार होतं. नदीत बांधलेला कोंडबांध, म्हणजे कामापुरता घातलेला तात्पुरता बांध, काढून टाकला, आज काठावर गवत आणि बाकं. फेरीबोटीने पलीकडे गेलो. या नोंदीत मला तीन न झालेल्या धरणांच्या जागा लिहिता आल्या: वाखाउ, हाइनबुर्ग, नॉजमारोश. झालेल्यांपैकी मी जवळून पाहिली ती योखेनश्टाइन, इब्स आणि गाबचिकोव्हो. खात्यातल्या तरुण अभियंत्यांना मी ही सहाही ठिकाणं एकाच दौऱ्यात दाखवीन, आणि सायकलवरूनच. गाडीतून फक्त भिंत दिसते. सायकलवर भिंतीच्या वरचं संथ पाणी, खालचं वेगवान पाणी, गाळाचा वास, वाऱ्याची झुळूक हे सगळं आपसूक कळतं.

16 सप्टेंबर, बुडापेस्ट

दुपारी पोचलो. वहिनी पुढे, पहिल्या दिवशी होत्या तशाच. साखळी पुलाच्या बुडा बाजूला हंगेरीच्या रस्त्यांचा शून्य किलोमीटरचा दगड आहे, तिथे फोटो काढला. पूल 1849 चा, शहरातला पहिला कायमचा.

मग लगेच कामाला. एका सायकल दुकानाने रिकामी खोकी फुकट दिली. पेडल काढणं, हँडल फिरवणं, टायरमधली हवा कमी करणं, मागच्या डिरेलरला पुठ्ठ्याचं संरक्षण. प्रत्येक खोकं 23 किलोच्या आत बसलं. डॉक्टरांच्या खोक्यात वाखाउच्या मुरंब्याच्या बाटल्या होत्या, त्या काढून हातातल्या पिशवीत घ्यायच्या म्हणाले, पण विमानात हातसामानात मुरंबा चालत नाही. पुन्हा उघडून नीट गुंडाळून ठेवल्या.

1 ऑक्टोबर, पुणे

गणपतीला वेळेत पोचलो. विसर्जन आटोपल्यावर आज मास्तरांकडे हिशेब केला.

जाणाऱ्यांसाठी टिपणं: टायर 35 मिमीच असावेत. जर्मन, ऑस्ट्रियन भाग लहान मुलांनाही जमेल, स्लोव्हाकियाचे बांध उघडे आहेत, पाणी जास्त ठेवा. रविवारचं खाणं शनिवारी घ्या. सायकलीसह रेल्वेने जायचं असेल तर लांब पल्ल्याच्या गाडीत जागा आधी राखून ठेवा, प्रादेशिक गाडीत बहुतेक मिळते.

पुढचा टप्पा बुडापेस्ट ते सर्बिया-रुमेनियाच्या सीमेवरचं लोहद्वार. सर्बिया शेंगेनबाहेर, कागदपत्रं वेगळी बघावी लागतील. तिथलं धरण 1972 चं, आणि त्याने नदीतलं एक अख्खं बेट बुडवलं, वस्तीसकट. वहिनींनी वेग तोच राहील असं आधीच सांगितलं आहे. भाच्याला डॉक्टरांचा निरोप: फ्रीव्हीलचं हत्यार त्याच्याकडेच ठेव, पण 36 तारांचं मागचं चाक इथे नवीन बांधून घेतो.